पहिलं पाणी

"डोळे मिटा साहेब, आणि चाखा," म्हणत मॅनेजर सोजिननं आमच्या मालकांपुढे, चोनसाहेबांपुढे, दोन वाडगे ठेवले. दोन्हींत दुधाचा किसलेला बर्फ, त्यावर शिजवलेले, चवळीसारखे गोड लाल दाणे. एका वाडग्यातले मालसुनताईंनी शिजवलेले, दुसऱ्यातले कारखान्याच्या डब्यातले.

साहेबांना आवडतील तेच दाणे कोरियातल्या देगू शहरातल्या आमच्या नऊही दुकानांत जाणार होते. डबा आवडला, तर मागचं मोठं पातेलं नको आणि मालसुनताईही नकोत. हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दुकान एकच होतं आणि बर्फाचं यंत्र हातानं फिरवावं लागे, तेव्हापासून ताई दाणे शिजवत होत्या. सव्वीस वर्षं. आत्ताही बर्फाच्या यंत्राशी मी होते आणि माझ्या शेजारी त्या, एप्रन मुरगाळत.

साहेबांनी दोन्ही चाखले. "हा डावीकडचा! हा मालसुनबाईंचा हात. झोपेतसुद्धा ओळखीन!"

डावीकडचा डब्याचा होता. सोजिनला ते माहीत होतं, पण ती ताईंकडे बघत होती; साहेब असेच समजून राहिले, तर ताईंचं काम वाचत होतं. मी ताईंना कोपरानं ढोसून पुटपुटले, "गप्प बसा हं ताई. तोंड उघडू नका."

"तो माझा नाही साहेब," ताई म्हणाल्या. "माझा उजवीकडचा."

साहेबांनी डोळे उघडले. "पण चव तर अगदी तुमचीच."

"असणारच. कारखान्याची मुलगी शिकायला तीन दिवस माझ्या पातेल्याशी उभी होती. पहिल्या उकळीचं पाणी फेकायचं, कडूपणा त्यातच जातो. शेवटी चिमूटभर मीठ. सगळं सांगितलं तिला."

"कुणी सांगितलं होतं सगळं ओकायला?" मी साहेबांसमोरच बोलले. राग आवरेना.

"पोर मनापासून विचारत होती गं. अर्धवट सांगून लोकांना कडू खायला घालू?"

साहेबांनी मान खाली घातली. "महिनाअखेरपर्यंत या, मालसुनबाई," एवढंच म्हणाले आणि गेले.

दुकान उघडायला दहा मिनिटं होती. ताई मागे स्वयंपाकघरात गेल्या नाहीत. त्यांनी एप्रन सोडला, खिडकीजवळची खुर्ची ओढली आणि बसल्या. गिऱ्हाइकांच्या खुर्चीत मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नव्हतं.

"एक वाडगा दे गं. डब्यातलाच."

मी बर्फ किसला. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता.

ताईंनी सावकाश, शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्लं.

"पहिलं पाणी फेकलंय पोरीनं," त्या म्हणाल्या. मग उठल्या, वाडगा स्वतःच विसळला आणि पालथा घातला.