भावोजींची झोपेची बिस्किटं

माझ्या भावोजींना स्वतःला झोपेचा त्रास कधीच नव्हता. गादीला पाठ टेकली की ढाराढूर. तरी या गृहस्थांनी झोपेचे तज्ज्ञ व्हायचं ठरवलं, ते माझ्या ताईच्या जिवावर.

ताई इस्पितळात नर्स. अतिदक्षता विभाग, आणि बहुतेक रात्रपाळीच. सकाळी घरी यायची, आंघोळ करायची, जाड पडदा ओढून आडवी व्हायची आणि छताकडे बघत पडून राहायची. डोळे तांबारलेले, बोलताना शब्द सुटायचे. एकदा तिने मला फोन केला आणि फोन का केला तेच विसरून गेली.

भावोजी पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचे. जन्मभर लोकांच्या दारात उभं राहून बडबड केल्यामुळे त्यांना समोरचा प्रत्येक माणूस गिऱ्हाईक दिसायचा. मुदतीआधी निवृत्ती घेऊन ते घरी बसले, तेव्हा हाताशी गिऱ्हाईक उरलं एकच. ताई.

मोबाइलवर त्यांनी कुठल्याशा बाईचा व्हिडिओ पाहिला. ओट्स, केळं, अक्रोड, भोपळ्याच्या बिया, सुकवलेल्या आंबट चेरी घालून घरच्या घरी काय काय भाजावं, म्हणजे झोपेला मदत होऊ शकते, असं काहीतरी. ती बाई बिचारी ‘होऊ शकते’ म्हणाली असेल. भावोजींनी ऐकलं, ‘होतेच’. आठवड्याच्या आत ओव्हन आला, साचे आले, छातीवर सूर्यफूल छापलेला एप्रन आला. आमच्या भावोजींना कधी स्वतःचा चहाचा कप विसळता आला नाही, आणि आता ते स्वयंपाकघराला ‘माझी बेकरी’ म्हणायला लागले.

हे सगळं भाजायचं कधी? तर ताई झोपायला गेली की.

मी एकदा दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याकडे गेले. माझं चष्म्याचं दुकान तिथून जवळच आहे. जिन्यातच मिक्सरचा आवाज ऐकू आला, जणू कोणी आत रस्ता खोदतंय. आत भावोजी अक्रोड दळत होते. मग ओट्स दळले. मग साचा ओट्यावर आपटला, कारण आपटल्याने म्हणे मिश्रणातली हवा निघून जाते. एवढ्यात ओव्हनची घंटी वाजली.

“भावोजी, ताई झोपलीय ना?” मी म्हटलं.

“प्रयत्न करतेय,” ते कौतुकाने म्हणाले. “म्हणून तर हे चाललंय सगळं. बघ, यात मी जायफळ वाढवलंय.”

“आवाज होतोय हो.”

“अगं, चांगल्या गोष्टीला थोडा आवाज होतोच.”

आणि एवढ्यावर न थांबता ते बशी घेऊन बेडरूमच्या दाराशी गेले, टकटक केली आणि लाडात विचारलं, “झोप लागली का गं?”

आतून ताईचा आवाज आला, “लागत होती.”

भावोजी माझ्याकडे वळून म्हणाले, “बघितलंस? कालचा मफिन लागू पडतोय.”

अशा माणसाला काय बोलणार? मी बिस्किट घेतलं आणि परत दुकानात आले. बिस्किट, खोटं कशाला बोलू, खुसखुशीत होतं. त्याचा मला जास्तच राग आला.

हळूहळू शेजारणी डबे घेऊन यायला लागल्या. तळमजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी तर सांगितलं की भावोजींचा केक खाल्ल्यापासून ते दुपारी छान झोपतात. हे मुख्याध्यापक शाळेतसुद्धा दुपारी छान झोपायचे, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पण भावोजींना एवढं प्रमाणपत्र पुरलं. सकाळी बैठकीच्या खोलीत मंडळी जमायची, चाखायची, वाहवा करायची, आणि भावोजी मधोमध उभे राहून मेंदूत काय काय पाझरतं ते समजावून द्यायचे. भिंतीपलीकडे ताई डोक्यावर उशी दाबून पडलेली असायची.

मग ताई घरी उशिरा यायला लागली. आधी थोडी उशिरा, मग पार दुपारी. विचारलं तर म्हणायची, काम असतं. भावोजींनी मला दुकानात फोन केला. आवाज एकदम खाली आलेला.

“तुझी ताई कुठे जाते गं? मला काही सांगत नाही. तुला काही बोलली का?”

मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही. पण ताईची काळजी वाटली, म्हणून दुसऱ्या दिवशी दुकान मदतनीस मुलीवर सोपवून मी इस्पितळात गेले. तिची पाळी केव्हाच संपली होती. वॉर्डातल्या आयाने तळघराकडे बोट दाखवलं.

तळघरात इस्पितळाची धुलाई होती. मोठाली यंत्रं घरघरत होती, वाफेचा आणि साबणाचा वास होता. कोपऱ्यात धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यांमागे, गणवेशातच, ताई झोपली होती. तोंड किंचित उघडं, एक हात गालाखाली. घड्या घालणारी बाई तिला धक्का लागू नये म्हणून वळसा घालून जात होती.

“रोज येतात,” ती बाई म्हणाली. “उठवू नका हो. फार शहाण्यासारख्या झोपतात.”

मी उठवलं नाही. एका बादलीवर बसून राहिले. ताई उठली तेव्हा मला बघून दचकली, मग लाजली, आणि मग तिला रडूच आलं.

“यंत्रांचा आवाज चालतो गं मला,” ती म्हणाली. “यंत्रं झोप लागली का म्हणून विचारत नाहीत.”

त्या संध्याकाळी मी भावोजींना सगळं स्पष्ट सांगितलं. मिक्सर, साचे, मंडळी, टकटक, काही म्हणजे काही बाकी ठेवलं नाही. त्यांनी एप्रनला हात पुसत ऐकून घेतलं. वाटलं, माणूस आता खाली मान घालेल. पण ते म्हणाले, “म्हणजे गाढ झोपते ना? चादरींवरसुद्धा? मग गुण आलाच की! घरी येईपर्यंतही तिला दम निघत नाही!”

ताई शेजारी उभी होती. तिने आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता, तेव्हाही चढवला नाही.

“अहो, उद्यापासून मी धाकटीच्या दुकानात झोपणार. मागच्या खोलीत.”

“हे सगळं मी तुझ्यासाठीच करतोय ना?” भावोजींचा चेहरा पडला.

“माझ्यासाठी असेल तर सकाळी करू नका.”

“सकाळीच तर लोक येतात,” ते बोलून गेले. मग आपण काय बोललो ते त्यांना कळलं असावं, कारण ते ओव्हनकडे वळले आणि उगाचच त्याचं दार उघडून आत बघत राहिले. ओव्हन रिकामा होता.

डोळे तपासायची माझी मागची खोली काळोखी आहे, खिडकी नाही. तपासणीची यंत्रं मी पुढे काउंटरपाशी घेतली आणि मागे खाट टाकली. ताई सकाळी येते, चपला हातात घेऊन आत जाते. पुढे मी गिऱ्हाइकांना हळू आवाजात अक्षरं वाचायला लावते. कोणी तक्रार करत नाही. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं कमी झाली आहेत. परवा एका रुग्णाची गोष्ट सांगताना ती खळखळून हसली. हे हसू मी विसरूनच गेले होते.

भावोजींची बेकरी अजून चालू आहे. लोक जातात, खातात, डोलतात. आपल्या बायकोला या बिस्किटांनी बरं केलं, असं ते अजूनही नव्या माणसाला सांगतात. ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

मागच्या आठवड्यात ते दुकानाशी आले. हातात डबा. मी काचेतून बघत होते, आता घंटी दाबतील, आता टकटक करतील, म्हणून दाराकडे धावायच्या तयारीत. पण ते दारापर्यंत आलेच नाहीत. समोरच्या बाकावर बसले, डबा मांडीवर ठेवला. येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलायची त्यांना केवढी हौस, पण त्या दिवशी एकाशीही बोलले नाहीत. ताई उठून बाहेर आली तेव्हा त्यांनी डबा पुढे केला. तिने झाकण उघडून एक बिस्किट घेतलं, आणि दोघं घराकडे चालायला लागली.

मला ते अजूनही आवडत नाहीत.