खुंटीवरचा डबा

गाडीत मला सगळे भडक्या म्हणतात. चूल आणि आमचा आचारी, दोन्ही पहाटेच पेटतात, असं मॅनेजर पाहुण्यांना हसत सांगतो. आमची गाडी दर चौथ्या दिवशी डोंगरातून जाते, परतते ती दुसऱ्या मार्गाने. काचेच्या छताच्या बोग्या, कॅमेरे घेतलेली माणसं आणि दिवसभर वाटेत एकही गाव नाही. लोक त्यासाठीच तिकीट काढतात. अशा मुलखात राहणं कसं असतं ते माझ्या दादाला विचारायला हवं होतं.

दादा रुळांवर गस्त घालायचा. निवृत्त झाला तरी मोठ्या पुलापलीकडची खोली त्याने सोडली नाही. वडील गेले तेव्हा त्यांच्या उशाशी कोण होतं आणि कोण नव्हतं, यावरून आमचं वाजलं. तेव्हापासून सहा वर्षं बोलणं बंद, पण डबा चालू. पुलावर गाडी माणसाच्या चालीने जाते. तिथे एका खांबाला खुंटी आहे. दादा तिच्यावर रिकामा डबा पिशवीत घालून अडकवून ठेवायचा. मी भटारखान्याच्या दारातून वाकून तो काढायचो आणि भरलेला अडकवायचो. गाडी गेली की तो येऊन घेऊन जायचा. खोली वळणाआड, त्यामुळे एकमेकांचं तोंड बघायची वेळ येत नसे.

गेल्या फेरीला खुंटीवर माझीच आधीच्या फेरीची पिशवी होती, डबा भरलेला. तळपायाची आग मस्तकात गेली. त्या पिशवीत मी चिठ्ठी टाकली होती, 'म्हातारा झालास, आता घरी ये.' तीच झोंबली असणार त्याला. "अन्नावर राग काढतोस होय?" म्हणत मी ती पिशवी ओढून घेतली आणि हातातली नवी खाली घळीत भिरकावली. कोल्ह्यांनी तरी खावं.

घरी आल्यापासून त्याचा उद्धार चालला होता. ती पिशवी कोपऱ्यात तशीच पडलेली, कोणाला हात लावू दिला नाही मी. आज पहाटे निघताना बायकोने ती उचलली.

"अहो, ही गाठ तुमची आहे," ती म्हणाली.

मी दुहेरी गाठ मारतो, हिसक्याने सुटू नये म्हणून. दादाला ती कधी सुटत नाही. तो कापतो आणि परत पाठवताना आपली साधी सरकगाठ मारतो. मी पिशवी उघडली. चिठ्ठी वरच होती, घडीसुद्धा मोडली नव्हती. त्याने डबा नाकारला नव्हता. तो घ्यायलाच आला नव्हता.

गाडीत चढल्या चढल्या मॅनेजरला गाठलं. "पुलापाशी पाच मिनिटं थांबवा."

"मधे थांबता येत नाही रे. उजेड आहे तोवर पाहुण्यांना तळं दाखवायचंय. पुढच्या स्टेशनवरून निरोप धाडू."

"ते रात्री येणार. दादा तिथे मरून पडला असेल तर?"

"मग घाई कशाची?" हे तो बोलून गेला आणि स्वतःच ओशाळला. पण थांबवतो म्हणाला नाही.

सकाळभर मी लोकांना अंडी तळून वाढली. दुपारी सूप करपलं, आयुष्यात पहिल्यांदा. कर्ण्यावर बाई सांगत होती, डावीकडे बघा, इथे माणसाचं पाऊल पडलेलं नाही. मला तिचा गळा धरावासा वाटला.

पूल आला. खुंटी रिकामी होती. मीच रिकामी ठेवली होती. तो बरा आहे की नाही हे सांगणारी तेवढी एकच खूण, ती मी रागाच्या भरात पुसून टाकली होती. मी साखळी ओढली. नोकरी गेली तर गेली.

खोलीला बाहेरून कडी होती. आत अंथरूण घडी घातलेलं, चूल गार. मी पुलाकडे पळत आलो, तेव्हा पायवाटेची कड ढासळलेली दिसली. खाली उतरलो. वर पाहुण्यांना वाटलं, फोटोसाठीच थांबलोय. काचांमागे कॅमेरे वर झाले होते.

दादा ओढ्याच्या कडेला दगडाला टेकून बसला होता. एक पाय गुडघ्याखाली वाकडा. अंग गार, पण पुरतं ताठ झालं नव्हतं. सकाळचीच गोष्ट असणार. आठ दिवसांपूर्वी डबा घ्यायला येताना तो घसरला होता. चार दिवसांपूर्वी माझी गाडी त्याच्या डोक्यावरून गेली, तेव्हा तो इथेच होता. त्याने हाका मारल्या असतील. वरून काय आलं, तर डबा.

वाळूत सरपटल्याच्या खुणा होत्या. त्याने डबा गाठला होता आणि खाल्लं होतं. त्याला वाटलं असणार, भावाला कळलंय, म्हणून डबा खाली टाकला, आता तो माणसं घेऊन येईल. त्या भरवशावर तो चार दिवस थांबला, आणि मी घरी बसून त्याला शिव्या घालत होतो.

पिशवी त्याच्या मांडीवर होती. आत ओढ्यात घासून धुतलेला रिकामा डबा, वर त्याची साधी सरकगाठ. मुलानेही एका बोटाने सोडावी अशी. वरून मॅनेजर हाका मारत होता. माझ्याने ती सुटेना.