उन्हाळ्यातली आच

त्या सोळा मजली कचेरीच्या तळघरात बॉयलर सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे उस्ताद म्हणत. हिवाळ्यात वरची माणसं स्वेटर खुर्चीला अडकवून काम करत, ती यांच्या जिवावर. पण त्यांतल्या दहाजणांनीही त्यांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. "देव तरी कुठे दिसतो? म्हणून ऊब मिळायची थांबते का?" असं म्हणून उस्ताद हसत. रोज सकाळी आले की बॉयलरच्या पोटावर तळवा ठेवायचा, तो कोमट लागला की मनातल्या मनात हात जोडायचे आणि मग डबा खुंटीला. शहरातल्या नऊ मोठ्या इमारतींचे बॉयलरवाले त्यांच्या हाताखाली तयार झाले होते. दोन महिन्यांनी उस्ताद निवृत्त व्हायचे होते, आणि हे नऊजण निरोपाला येणार याची त्यांना लहान पोरासारखी हौस होती.

अशात ऐन उन्हाळ्यात एके सकाळी नगरपालिकेच्या तपासनीस बाई जिना उतरून आल्या. कोणती मोठी इमारत किती गॅस जाळते आणि त्यातून हवेत किती कार्बन सोडते, याचा माग काढायचं काम त्यांच्याकडे होतं. वयानं उस्तादांच्या मुलीएवढ्या. बगलेत लॅपटॉप, नाकावर काजळीचा ठिपका. म्हणजे आधीच एखादं तळघर पालथं घालून आलेल्या.

"काका, तुमच्या बॉयलरबद्दल विचारायचंय."

"विचारा की! सहा वर्षांचा आहे, अगदी गुणी. धूर म्हणाल तर माझ्या विडीएवढासुद्धा नाही. आणि विडीही मी सोडली."

बाई हसल्या आणि पडद्यावरची रेघ दाखवू लागल्या. "हा हिवाळा. रेघ डोंगर चढलीय, ते ठीक. आता हा उन्हाळा. इथे ती जमिनीला टेकायला हवी. टेकत नाही. रविवारी, सुट्टीत, इमारतीत चिटपाखरू नसतानाही वीतभर वरच चालते. गळती शोधली, नाही. आणि आणखी आठ इमारतींत हीच रेघ, जुळ्या बहिणींसारखी! बॉयलर वेगळे, मालक वेगळे. नऊ इमारतींचा मिळून असा फुकट धूर किती, तर चाळीस मोटारी वर्षभर फिरवल्यासारखा."

"कुठल्या आठ?" उस्तादांनी सहज विचारलं.

बाई वाचू लागल्या. मोठं ग्रंथालय, न्यायालय, टपाल कार्यालय... प्रत्येक नावासरशी उस्तादांपुढे एकेका शागिर्दाचा चेहरा उभा राहिला.

अडतीस वर्षांपूर्वी, शिकाऊ असताना, त्यांनी गार पडलेला बिडाचा बॉयलर घाईनं पेटवला होता. ताडकन आवाज झाला आणि बॉयलरला वरपासून खालपर्यंत चीर गेली. त्यांच्या उस्तादांनी हात उगारला नाही, एवढंच म्हणाले, "त्याला थंडी वाजू देऊ नकोस. उन्हाळ्यातही बारीक आच ठेव." तेव्हापासून आच कधी विझली नाही. जुना बॉयलर भंगारात गेला, नवा पोलादी आला, आच तशीच. आणि प्रत्येक शागिर्दाला पहिला धडा तोच.

"कारण सापडलं नाही, असंच लिहून टाकते," बाई म्हणाल्या. "आज अहवाल द्यायचाय."

उस्तादांच्या मनात आलं, गप्प राहिलं की झालं. दोन महिने, मग निरोप, मग नऊजणांच्या तोंडी कायमचं नाव. बाईंची बोटं चालू लागली.

"थांब पोरी," उस्ताद म्हणाले. "कारण मी आहे."

चिरलेल्या बॉयलरपासून त्यांनी सगळं सांगून टाकलं. "नव्याला आच लागत नाही, हे त्याच्या पुस्तिकेत लिहिलंय. मी वाचलंही होतं. पण हातानं ऐकलं नाही. मात्र आमच्या उस्तादांना चूक म्हणू नकोस हं. त्यांच्या बॉयलरसाठी ते बरोबरच होते."

"नाही म्हणत, काका." बाईंचा आवाज मऊ झाला. "शागीर्द किती म्हणालात? नऊ? माझ्याकडे तर आठच आहेत."

"नववा नाट्यगृहात. जांभई म्हणतो आम्ही त्याला. आळशी."

बाईंनी बटणं दाबली. "नाट्यगृहाची रेघ दोन वर्षांपासून जमिनीवर आहे!"

उस्तादांनी तिथल्या तिथे फोन लावला. "काय रे, आच ठेवतोस ना?"

"ठे... ठेवतो ना, उस्ताद."

"खोटं बोलू नकोस. तुझी रेघ माझ्यापुढे आहे."

मग पलीकडून खरं बाहेर पडलं. "उस्ताद, एकदा डुलकी लागली आणि विझली. भीत भीत पेटवला, तर त्याला ढिम्म काही झालं नाही. मग पुस्तिका वाचली. तुम्हाला सांगायला चारदा आलो, पण तुमचं तोंड बघितलं की वाटायचं, हा गुरूला शिकवायला निघालाय म्हणाल. चहा पिऊन परत जायचो."

"अरे गाढवा," उस्ताद म्हणाले, "तुझी डुलकी माझ्या जागेपणापेक्षा कामाची निघाली. उद्यापासून माझ्याबरोबर चल. आठ तळघरं फिरायची आहेत."

"मी? ते मला आळशी म्हणतात."

"नाव मी ठेवलं, मीच परत घेतो."

पंधरा दिवसांत दोघे आठही जिने उतरले. उस्ताद प्रत्येक ठिकाणी एकच सांगत, "मी शिकवलं होतं, मीच मागे घेतो. हा खरं काय ते सांगेल." ग्रंथालयवाल्यानं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "उस्ताद, अहो अकरा उन्हाळे उकडून निघालो इथे! शब्द काढला नाही!" आणि मग इतका हसला की उस्तादांच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडला. निरोपाला यायचं कुणी रद्द केलं नाही.

फोन केला त्याच दिवशी उस्तादांनी स्वतःची आच मात्र बाईंसमोर बंद केली होती. दुसऱ्या सकाळी ते आले, सवयीनं बॉयलरवर तळवा ठेवला. गार! हात आच पेटवायला गेला. मग आठवलं. चूक उमगली, आणि ती निस्तरायला हातपाय चालताहेत, बरोबर माणूसही दिलास. देवा, आणखी काय मागू? गार पोलादावर तळवा तसाच ठेवून ते बराच वेळ उभे होते. डबा खुंटीला लावायचा राहूनच गेला.