रुमालातलं लोखंड

परीक्षानळीत चाचणीच्या द्रावणाचा थेंब पडला आणि रत्नमालाच्या तोंडचं पाणी पळालं. पांढरा साका पडायला हवा होता, पडला तो गडद निळा. निळा म्हणजे लोखंड. पण तिला ओळखायला दिलेला क्षार मिठासारखा पांढरा होता आणि आतापर्यंतच्या साऱ्या चाचण्या जस्ताकडेच बोट दाखवत होत्या.

बारावीचं प्रॅक्टिकल होतं. फर्स्ट क्लास आला तर दुर्गच्या कॉलेजात बी.एस्सी., नाही तर वर्ध्याचं स्थळ, असं घरात ठरलं होतं. स्थळात खोट नव्हती, पण रत्नमालाला कॉलेज हवं होतं. धातू चुकला की सगळंच मुसळ केरात.

तिनं कपाळाचा घाम पुसायला रुमाल उचलला आणि हात तसाच थांबला.

रुमाल बाबांचा होता. पोलाद कारखान्यात भट्टीवर जाताना ते तो धुळीसाठी नाकातोंडाला बांधत. आईनं सोड्यात उकळून बगळ्यासारखा पांढरा केलेला. "काच पुसाले सुतीच पाह्यजे," म्हणून सकाळी त्यांनी हातात दिला होता. आणि मघाशी घाईघाईत तिनं त्याचंच टोक नळीत फिरवलं होतं.

भट्टीची लोखंडी धूळ धाग्यांत राहिली असेल का? दुसरी नळी तिनं पुसली नाही, नुसती विसळली. त्यात क्षार घेतला, थेंब टाकला. पांढरा साका! मग तिसऱ्या नळीत रुमालाचे चार धागे आम्लात टाकून तापवले आणि वर त्याच द्रावणाचा थेंब सोडला. निळा रंग असा उमटला की ती खुदकन हसलीच.

"दो रंग?" परीक्षक मागे येऊन उभे होते. "लोहा कहाँ से आया?"

"बाबा के रुमाल से, सर. नमक में सिर्फ़ जस्ता है."

परीक्षकांनी तिन्ही नळ्या उजेडात धरल्या, रुमालाकडे पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. लिहिताना ते हसत होते, तेवढं तिला पुरे होतं.

घरी येईपर्यंत तिचे पाय जमिनीवर नव्हते. तिचे बाबा, दयाराम, नुकतेच ड्यूटीवरून आले होते. तिनं दारातूनच सगळं सांगून टाकलं.

"म्या उकयून धुतला होता," आई कलावती फणकारली. "माह्या धुन्यात लोखंड कुठून येईन?"

"मंग पोरीनं माह्या रुमालातून लोखंड काढलं म्हना की," दयाराम म्हणाले आणि खो खो हसले. हसता हसता रोजची ढास लागली. कलावतीनं रोजच्यासारखा पाण्याचा गडू पुढे केला.

"काई नाई, भट्टीची धूय आहे. जाते," घोट घेत दयाराम म्हणाले.

ही ढास रत्नमाला लहानपणापासून ऐकत आली होती. आज ती निळी नळी आठवून तिचं हसू तिथंच थांबलं.

तिनं रुमाल दुहेरी केला. उजेडाकडे धरून पाहिला; उजेड अजून आरपार येत होता. मग चौपदरी केला आणि बाबांच्या उद्याच्या डब्याशेजारी ठेवला.