सेखोबेने लाथाडलेली बादली

शर्यत अर्ध्यावर थांबली होती. पोट फुगलेला घोडा लोळत होता, मान वळवून स्वतःच्याच कुशीला चावत होता. आणि घोंगड्या पांघरलेलं आमचं सगळं गाव घोड्याकडे नाही, सेखोबे मांत्रिकाच्या तोंडाकडे बघत होतं.

त्यानं डोळे फिरवले, ढेकरा दिल्या. "बाई आहे. नुकती मेलेली. घोड्यांच्या आतड्यांना लोंबकळते." मग माझ्याकडे वळला. "बाबा, तुझी मापुलेंग."

माझी बायको गेल्या हिवाळ्यात गेली. मैदानाच्या वरच्या उतारावर तिला पुरलं. सेखोबेचं म्हणणं, पुढच्या शर्यतीआधी कबर उकरून तिच्या छातीत खुंटी ठोकायची. तोवर सगळ्याच घोड्यांना त्याचे तावीज बांधायचे. तिच्या हातची ज्वारीची बिअर प्यायलेली माणसं माना डोलवत होती. मला किळस आली.

पण ज्यांनी आधीच्या शर्यतींपासून त्याचे तावीज बांधले होते, त्यांचे घोडे खरंच पडत नव्हते; बाकीच्यांचेच पडत होते. मी शेजारच्या मोखेथीला विचारलं, तावीज बांधून आणखी काय करतोस?

"पथ्य पाळतो. शर्यतीच्या सकाळी घोड्याला दाणा दाखवायचा नाही."

आणि आम्ही बाकीचे? लेसोथोच्या या डोंगरात शर्यतीच्या सकाळी दारात, चारचौघांसमोर घोड्याला बादलीभर मका घालतात. खपाटीला गेलेल्या पोटाचा घोडा म्हणजे घराची नाचक्की. मग लगेच खोगीर, लगेच दौड.

पुढच्या शर्यतीच्या सकाळी लोक फावडी घेऊन कबरीपाशी जमले. मी मक्याची बादली नेऊन सेखोबेच्या घोड्यापुढे ठेवली.

"तावीज आहे ना याच्या गळ्यात? पोटभर खाऊ दे आणि लगेच पळव. पडला नाही, तर पहिलं फावडं मी मारतो."

"बस की वर," मोखेथी हसला. "मेलेल्या बाईला भितोस होय?"

घोड्यानं बादलीत तोंड घातलं. सेखोबे धावला, त्यानं बादली लाथेनं उडवली. "अरे, मरेल ना तो!"

मग मोखेथीनं विचारलं, "तावीज असताना?"

सेखोबेनं घोड्याचा लगाम धरला. मोखेथीनं फावडं खाली टाकलं.

घोड्याला ओकता येत नाही. दाण्यानं भरल्या पोटी जोरात पळवला, की आतड्याला पीळ पडतो, पोट फुगतं. दौडीआधी बादली दूर ठेवा. दौडीनंतर अंग निवलं की घाला. एवढंच आहे. त्यासाठी मेलेल्या बाईची छाती फोडावी लागत नाही. कुणी तावीज दिला तर त्याच्यासोबतचं पथ्य काय, ते आधी विचारा. गुण असलाच तर तिथं असतो.

सेखोबे घोडा ओढत निघून गेला. फावडीवाले माझी नजर चुकवत सांडलेला मका वेचायला बसले. मी नाही वेचला. कबरीवर त्यांचे पाय पडले होते, तिथली माती हातानं सारखी करत राहिलो.