वहिनीचा संगणक भंगारात जात नाही

मित्रांनो, मला जुना म्हणा, माझी काही हरकत नाही. माझं पांढरं अंग पिवळं पडलंय, कीबोर्डवरची अर्धी अक्षरं बोटांनी पुसून नेलीत, पडद्याच्या एका कोपऱ्यावर ओरखडा आहे. तेव्हा जुना तर मी आहेच. पण भंगार म्हणालात तर आपलं जमणार नाही. मी भरतकामाच्या एका छोट्या कारखान्यातला संगणक आहे आणि अजून नोकरीत आहे. मला घरी बसवायला निघालेल्यांची काय फजिती झाली, तेच आज सांगणार आहे.

माझा जन्म एका मोठ्या, थंडगार कारखान्यात झाला. मला जोडणाऱ्या हातांनी हातमोजे घातले होते, त्यामुळे त्या हातांची ऊब काही मला मिळाली नाही. ती मिळाली इथे आल्यावर. लांबट खोली, रस्त्याकडे दोन खिडक्या, एका भिंतीवर धाग्यांच्या रिळांची रांग, मधोमध बारा सुयांचं भरतकामाचं यंत्र, शेजारी इस्त्रीचं टेबल. दादा कारखान्याचा मालक. त्याची बहीण आक्का यंत्र आणि इस्त्री सांभाळते. आणि वहिनी, म्हणजे दादाची बायको, माझ्यासमोर बसते.

वहिनीचं काम सोपं समजू नका. शाळेचं बोधचिन्ह, खेळाडूंच्या संघाचा बिल्ला, डॉक्टरांच्या कोटावरचं नाव, असं काहीही गिऱ्हाईक आणून देतं. ते माझ्यावर रेखाटायचं, कुठला टाका कुठल्या दिशेने जाईल ते ठरवायचं आणि पेनड्राइव्हवर घालून यंत्राला द्यायचं. टाक्यांची दिशा चुकली की कापड आवळतं आणि गरुडाचा पार कोंबडा होतो. वहिनी हे सगळं स्वतःच्या स्वतः शिकली. माझ्यासमोर बसून चुकली, पुसलं, पुन्हा चुकली. तिचं पहिलं फूल यंत्रावर सपाट उतरलं तेव्हा ती एकटीच हसत बसली होती. मी पाहिलंय ना!

सुरुवातीला माझा काय थाट होता! कुणीही दारात आलं की दादा छाती फुगवून म्हणायचा, "आमचं सगळं कॉम्प्युटरवर असतं." माझ्यावर रोज फडकं फिरायचं. फडकं सापडलं नाही तर आक्का स्वतःची ओढणी फिरवायची.

मग माझे वाईट दिवस आले. तुम्हाला माहीतच असेल, संगणकाच्या आत एक कारभारी असतो. कुठलं काम कुणी, कधी करायचं ते तो ठरवतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. माझा कारभारी दरवर्षी जाडजूड होत गेला. सारखं काहीतरी नवीन मागवायचा, ते माझ्या डोक्यावर रचायचा आणि वर मलाच म्हणायचा, पळ! कसा पळू? वहिनी पाकळी काढत असायची आणि मी मध्येच थिजायचो. हँग! केलेलं काम पाण्यात.

नाव मात्र माझंच खराब झालं. दादाने माझ्या डोक्यावर किती चापट्या मारल्या असतील! भोगायचं मी आणि खुशाल असायचा तो आतला कारभारी.

त्यातून या लोकांनी एक भलतीच पद्धत पाडली. एकदा आक्काने इस्त्री चालू केली आणि नेमका तेव्हाच मी थिजलो. झालं! सगळ्यांनी ठरवूनच टाकलं की इस्त्रीमुळे संगणक हँग होतो. तेव्हापासून वहिनीला काम सेव्ह करायचं असलं की ती एक हात वर करायची. हात वर गेला की इस्त्री बंद, यंत्र बंद, पंखा बंद. गिऱ्हाईकसुद्धा पिशवी छातीशी धरून मुकाट उभं राहायचं. वहिनी "झालं" म्हणाली की खोली पुन्हा हलायची. आणि मी थिजलोच, तर दादा वाघासारखा झेप घेऊन भिंतीतला प्लग उपटायचा. त्या झेपेचा त्याला भारी अभिमान होता.

असंच चाललं असतं. पण एका शाळेचं नवं बोधचिन्ह आलं. पंख पसरलेला बगळा. एकेक पीस वेगळं, प्रत्येकाच्या टाक्याची दिशा वेगळी. वहिनी जीव ओतून काढत होती आणि मी ते पुन्हा पुन्हा घालवत होतो. शेवटी दादा वैतागला.

"बास झालं आता," तो म्हणाला. "हे धूड भंगारात देऊन टाकू. डिझाइन बाहेरून करून घेऊ. एक माणूस आहे, लॅपटॉप घेऊन येतो आणि काम करून जातो. सोमवारी संध्याकाळी बोलावलंय त्याला."

"आणि मी काय करू?" वहिनीने विचारलं.

"तू आक्काबरोबर बस. सुटे धागे काप. तेवढाच हातभार."

वहिनीने माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. मित्रांनो, माझं सोडा, पण तिला उठवणार? जिने एकेक टाका स्वतः शोधून काढला, तिने आता दुसऱ्याच्या डिझाइनचे धागे कापत बसायचं? मला तोंड असतं तर मी दादाला तिथल्या तिथे सुनावलं असतं.

तोंड होतं वहिनीच्या मावशीला. मावशी एका वाचनालयात काम करते. रविवारी भाचीला भेटायला आली, सगळं ऐकलं आणि कमरेवर हात ठेवून दादासमोर उभी राहिली.

"जावईबापू, आमच्या वाचनालयात याच्याहून म्हातारी यंत्रं आहेत. आम्ही आतली जुनी सिस्टीम काढून लिनक्स घातलं. हलकं असतं, फुकट असतं आणि उठसूट कुरकुरत नाही."

"फुकटचं ते कसलं असणार, मावशी?" दादा हसला.

"का? माझ्याकडे जेवता ते काय विकत घेता? तेव्हा तर दोनदा वाढून घेता."

आक्काने तोंडात ओढणी कोंबली. दादाचं हसू मावळलं.

सोमवारी सकाळी मावशी पेनड्राइव्ह घेऊन हजर. तिची रीत मला फार आवडली. तिने नव्या कारभाऱ्याला एकदम माझ्या घरात घुसवलं नाही. तो पेनड्राइव्हवरूनच चालला, माझ्या आतल्या कशालाही हात न लावता. "आधी पाहुणा म्हणून राहू दे," ती म्हणाली. "पटला तर ठेवून घेऊ."

आणि काय सांगू! अंगावरची गोणी कुणीतरी उतरवून घ्यावी तसं झालं. वहिनीने जुनी डिझाइन उघडली. रंग थोडे इकडचे तिकडे झाले होते, ते तिने सुधारले. दोन पिसं काढली आणि सवयीने हात वर केला. इस्त्री बंद, यंत्र बंद, पंखा बंद. पण तिचा हात पुरता वर जायच्या आत माझं सेव्ह करून झालेलंसुद्धा होतं. ती आपली तशीच हात वर करून पडद्याकडे बघत राहिली.

"वहिनी, हात कधी खाली घेणार?" आक्का म्हणाली. "इस्त्री गार पडतेय."

मावशीने उठून इस्त्री लावली, पंखा लावला, यंत्र सुरू केलं. "कर आता सेव्ह." केलं. मी डगमगलो नाही. माझी हाडं ठणठणीत होती हो! इतकी वर्षं मी दुसरं काय सांगत होतो? दुपारपर्यंत मी एकदाही थिजलो नाही आणि मावशी म्हणाली, "आता कायमचं घालू."

आधी तिने सगळी डिझाइन वेगळ्या पेनड्राइव्हवर काढून घेतली. मग जुना कारभारी गेला आणि नवा आत येऊ लागला. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत होती. मावशी आणि वहिनी चहा टाकायला आत गेल्या. आक्का इस्त्री करत होती. एका जागी पट्टी थांबली. तिथे मोठं सामान आत यायचं होतं, थोडा वेळ लागतोच.

दादाने थांबलेली पट्टी पाहिली. चालू इस्त्री पाहिली. "हँग झाला!" तो ओरडला, आणि ती त्याची वाघाची झेप.

डोळ्यांपुढे अंधार म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. जुना कारभारी घराबाहेर, नवा उंबऱ्यात आणि दिवा गेलेला. पुन्हा चालू केल्यावर माझ्या काळ्या पडद्यावर एकच ओळ आली, की चालवण्यासारखं इथे काही नाही.

"मी नेहमीसारखंच केलं," दादा पुटपुटला. मग सावरून म्हणाला, "बघितलंत? मेलाच शेवटी. भंगारवाल्याला फोन करतो. तो डिझाइनवालाही येईलच आता."

"फोन खाली ठेवा."

ही वहिनी बोलली, मित्रांनो! हातात चहाचा कप तसाच होता. "अहो, हा हँग झाला की नाही ते मी सांगेन. रोज याच्यासमोर मी बसते, तुम्ही नाही. आणि धागे मी कापणार नाही. हे काम माझं आहे."

मावशीने पेनड्राइव्ह पुन्हा लावला. "पोरी, पहिल्यापासून घालू. डिझाइन सुखरूप आहेत." वहिनीने खुर्ची ओढून भिंतीला लावली आणि प्लगकडे पाठ करून बसली. "ज्याला प्लग काढायचाय, त्याने आधी मला उठवावं," ती म्हणाली.

पट्टी पुन्हा सरकू लागली. पुन्हा त्याच जागी थांबली. दादा चुळबुळ करू लागला. त्याची बोटं आपोआप वळवळायला लागली. आक्काने इस्त्री बाजूला ठेवली, त्याच्या हातात छोटी कात्री दिली आणि बिल्ल्यांचा ढीग त्याच्या मांडीवर ओतला.

"हात शिवशिवतायत ना, दादा? धागे काप."

तो खरंच कापू लागला. मी आत जीव खाऊन सामान लावत होतो. आता थांबलो असतो तर माझं काय व्हायचं ते झालं असतं, पण वहिनी कायमची त्या ढिगापाशी गेली असती. मी म्हटलं, नाही जायचं! आणि पट्टी हलली. भरली. पडदा उजळला.

वहिनीने खुर्ची माझ्यासमोर आणली आणि बगळ्याला हात घातला. उरलेली पिसं काढली, तपासली, यंत्राला दिली. बारा सुया धडाधड चालल्या. आक्काने कापड काढून टेबलावर पसरलं आणि त्यावरून तळहात फिरवला. कुठे सुरकुती नाही, आवळलेलं नाही. "वहिनी, उडेल की हो हा," ती म्हणाली. मला तर ओरडावंसं वाटत होतं.

तेवढ्यात दारात लॅपटॉपवाला आला. "डिझाइनचं काम होतं ना? कुठे बसू?"

दादा उठला. त्याच्या शर्टभर धागे चिकटलेले. त्याने टेबलावरच्या बगळ्याकडे पाहिलं, मग वहिनीकडे. ती मान वर न करता पुढचं डिझाइन उघडत होती.

"तुम्हाला उगाच फेरा पडला," दादा म्हणाला. "आमच्याकडे डिझायनर आहेत."

दादाने वहिनीला डिझायनर म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. तिनेही ऐकलं. माउसवरचा तिचा हात क्षणभर थांबला, आणि मी थिजलो की काय म्हणून सगळे दचकले.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत माझ्यासारखा कुणी धापा टाकत असेल, तर त्याला चापट मारू नका. त्याच्या डोक्यावर ओझं कुणाचं आहे ते आधी बघा. ते उतरवा, एकदा चालून दाखवू द्या. आणि त्याच्यासमोर रोज बसणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय त्याला हलवू नका. नाहीतर आम्ही जुने बोलायला लागतो, आणि आम्ही बोललो की ऐकवत नाही, सांगून ठेवतो.