शून्यांची बेरीज

मित्रांनो, तुमच्या करंगळीच्या नखावर मावेन एवढीच मी एक जुनी चिप आहे. टीव्हीला जोडून खेळायच्या गेमची जी जाड कॅसेट असायची, तिच्या पोटात मी राहते. गेम बंद करताना तुम्ही कुठवर आला होतात, ते लक्षात ठेवणं एवढंच माझं काम. वीज गेली तरी मी विसरत नाही. पण माझ्यात जागा फार थोडी. पाचशे बारा खण, बस्स. एका खणात शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंतचा एकच आकडा मावतो. तुमच्या वहीतलं एक पान माझ्यात उतरवायला गेलात, तर अर्ध्यावरच जागा संपेल.

कारखान्यात सिलिकॉनच्या एकाच चकतीवर आम्ही शेकडो बहिणी जन्मलो. मग आम्हाला कापून सुटं केलं, तपासलं आणि वाटा वेगळ्या झाल्या. बाकीच्या बहिणी मुलांच्या घरी गेल्या. मी मात्र गेम जिथे तयार होतात तिथे आले, चाचणीच्या कॅसेटमध्ये. कापडाच्या गोदामावरची ती एक लांबट खोली होती. तिथे प्रोग्राम लिहायची ती ताई. तिच्याहून वयाने मोठी माणसंही तिला ताईच म्हणत. आणि चित्रं काढायचे ते मास्तर. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, बोटांना कायम शिसपेन्सिलीचा काळा रंग.

त्यांचा गेम साधा होता. गाव अंधारात बुडालं आहे, आणि तुम्ही घरोघरी दिवे लावत फिरायचं.

हे सगळं माझ्यात बसवताना ताईने जी काटकसर केली, तिला तोड नाही. दिवा एक तर लागलेला असतो किंवा विझलेला, म्हणून एकेका खणात तिने आठ-आठ घरांचे दिवे कोंबले. पिशवीतल्या प्रत्येक वस्तूला अर्धाच खण दिला. अर्ध्या खणात पंधराच्या पुढचा आकडा मावत नाही. म्हणून सोळावं फळ उचललं की गेम म्हणायचा, "पिशवी भरली!" खेळणाऱ्याला वाटे, हा त्या गावचा नियम. खरं तर ती माझी गरिबी होती.

माझे तिने दोन भाग केले होते, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध. दोन्हीत मजकूर तोच. सेव्ह करताना ती आधी पूर्वार्ध पुसून शून्यं भरायची, मग त्यात नवं लिहायची, आणि ते झालं की उत्तरार्धात त्याची नक्कल. मध्येच वीज गेली तरी एक प्रत शाबूत राहणार. पूर्वार्ध धड आहे की नाही, हे कळायला दोन पहारेकरी होते. एक बेरीज: सगळे आकडे मिळवून उत्तर शेवटी लिहायचं, आणि उघडताना ते पुन्हा जुळवून पाहायचं. दुसरी पाटी: पहिल्या खणात कायम सत्त्याण्णव हाच आकडा. 'घरात माणूस आहे' असं सांगणारी दारावरची पाटी असते ना, तशी.

गेम होत आला तेव्हा एके दिवशी मास्तर म्हणाले, "ताई, खेळणाऱ्याच्या घरात एक कोरी भिंत हवी. त्याला हवं ते चित्र त्याने काढावं."

"केवढी भिंत?"

"सोळा बाय सोळा ठिपके."

"म्हणजे बत्तीस खण! मास्तर, इथे सुई टोचायला जागा नाही आणि तुम्ही भिंत मागताय."

"अगं, गावभर दिवे लावून माणूस घरी येणार. घरात त्याने बघायचं काय? तुझी बेरीज?"

ताई हसली, पण कामाला लागली. खेळणाऱ्याच्या नावाची आठ अक्षरं होती, ती तिने सहावर आणली. गावातल्या विहिरी कमी केल्या. चार दिवस असा खण खण गोळा करत एकतीस जमले. एक कमी पडत होता. शेवटी तिने पाटी काढून टाकली. "बेरीज आहेच की राखणीला," ती म्हणाली.

मित्रांनो, तो एक खण आठवला की मला आजही कसंसं होतं.

भिंत तयार झाली, आणि त्याच महिन्यात मास्तर खोकू लागले. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. मास्तर मात्र रोज यायचे. त्यांची लेक दुसऱ्या गावी नोकरीला होती. ती ऑफिसच्या फोनवर त्यांना दटावायची, आणि तिचा आवाज एवढा खणखणीत की मास्तर रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरत. खोलीभर ऐकू येई.

"बाबा, अख्ख्या शाळेच्या पोरांची चित्रं काढलीत. माझं एक तरी काढलंत का? दिव्याखाली अंधार!"

त्या दिवसापासून डब्याच्या सुट्टीत मास्तर कोपऱ्यातल्या टेबलाशी बसू लागले. गेममधल्या त्या भिंतीवर, ठिपक्या-ठिपक्याने, ते लेकीचं चित्र काढत होते. बाजूने दिसणारा चेहरा, सरळ नाक, पाठीवर दोन वेण्या. रोजचे चार-पाच ठिपके माझ्याकडे यायचे. एवढ्या आयुष्यात मी आकडेच सांभाळले होते. एखादं माणूस मी पहिल्यांदाच सांभाळत होते.

"मास्तर, बोलवा की तिला रविवारी," ताई म्हणायची.

"थांब गं. डोळा जमत नाहीये. एका ठिपक्याचा डोळा! जरा इकडे सरकला की बाई रागावलेली दिसते."

"मग बरोबरच आहे की."

मास्तर हसता हसता खोकले. "पुरं झाल्यावर दाखवीन. अर्धवट चित्र मी कुणाला दाखवत नाही."

एका गुरुवारी डोळा जमला. मास्तरांनी सेव्ह केलं आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. शुक्रवारी ते हॉस्पिटलात गेले. "परत आलो की बोलावतो तिला," असं सांगून गेले, आणि परत आले नाहीत.

पंधरा दिवसांनी ताईने लेकीला 'बाबांची भिंत बघायला या' म्हणून बोलावून घेतलं. त्या काळी खिशाखिशात कॅमेरे नव्हते. ते चित्र जगात फक्त माझ्याजवळ होतं.

मास्तरांनी लावलेले दिवे दाखवत ताई तिला पडद्यावरच्या गावातून घेऊन गेली. लेक सारखी विचारत होती, "हेही बाबांनीच?" शेवटी मास्तरांचं घर आलं. दाराला हात लावला की गेम आपोआप सेव्ह व्हायचा. ही सोयही ताईनेच केलेली. नीट दिसावं म्हणून लेकीने खुर्ची पुढे ओढली. नेमका त्याच क्षणी खुर्चीचा पाय वायरला लागला, भिंतीतला सैल प्लग निसटला आणि पडदा काळा झाला.

"अगंबाई! मी काय केलं हे?"

"काही नाही होत हो. दोन प्रती असतात. एक गेली तरी दुसरी आहे," ताई म्हणाली आणि तिने प्लग घट्ट बसवला.

ती खोटं बोलत नव्हती. वीज गेली तेव्हा माझा पूर्वार्ध पुसून झाला होता आणि नवं लिहायचं होतं. त्यात नुसती शून्यं होती. पण उत्तरार्धात नाक, डोळा, वेण्या सगळं जागच्या जागी होतं. गेम सुरू झाला. त्याने पूर्वार्धाची बेरीज केली. शून्यांची बेरीज शून्य. शेवटी लिहिलेलं उत्तरही शून्यच. जुळलं! पाटी असती तर तिने लगेच सांगितलं असतं, की घर रिकामं आहे. पण पाटी नव्हती. गेमला वाटलं, पूर्वार्ध अगदी धड आहे. मग दोन्ही प्रती सारख्या राहाव्यात म्हणून शिस्तीप्रमाणे त्याने ती शून्यं उत्तरार्धात उतरवायला सांगितली.

मला नाही म्हणता येत नाही. मी उतरवली. पापणी लवायच्या आत सगळं झालं.

पडद्यावर नाव नव्हतं. एकही दिवा नव्हता. ताई अंधारातून चालत मास्तरांच्या घरी पोचली. भिंत कोरी होती.

"हीच का ती?" लेकीने विचारलं.

"हो."

 लेक हळूच म्हणाली, "काढायचं राहूनच गेलं वाटतं बाबांचं."

ताई गप्प बसली असती तर कुणालाच काही कळलं नसतं. पण ती म्हणाली, "नाही हो. त्यांनी काढलं होतं. पुरं केलं होतं. तुमच्या खुर्चीमुळे नाही गेलं, माझ्यामुळे गेलं." आणि तिने पाटीची गोष्ट पहिल्यापासून सांगितली.

मग तिने चौकटीचा कागद घेतला, त्यावर सोळा बाय सोळा घरं आखली आणि आठवतील तशी भरू लागली. काळं असेल तिथे काळं, मोकळं असेल तिथे बारीक फुली. दोनशे छप्पन्न घरांपैकी दोनशे अकरा तिला खात्रीने आठवली. नाक आलं. एक वेणी पूर्ण आली, दुसरी निम्मी.

"आणि डोळा?"

"चौथ्या ओळीत होता की पाचव्या... नक्की नाही आठवत."

"मग नका भरू," लेक म्हणाली. "अंदाजाने नको." कागदाची घडी घालून तिने ती पर्समध्ये ठेवली.

गेम बाजारात गेला तेव्हा त्यात पाटी परत आली होती आणि नावाची अक्षरं पाचच उरली होती. लांब नावाची मुलं चिडायची. त्यांना कारण कधी कळलं नाही.

ताईने ती कॅसेट पुन्हा कधी यंत्रात घातली नाही. खोली बदलली, यंत्रं बदलली. आता एकेका चिपमध्ये माझ्यासारख्या लाखो मावतात म्हणे. मी टेबलाच्या एका खणात वायरींच्या गुंत्याखाली पडून आहे. माझ्यात अजून ती शून्यं आहेत, आणि ती मी नीट सांभाळते आहे. एकही चुकलेलं नाही.

मित्रांनो, हिशेब जुळला म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजू नका. जपून ठेवलेली वस्तू मधूनमधून उघडून बघत जा. आणि कुणासाठी काही काढत असाल, तर ते आजच दाखवा. डोळा राहिला असला तरी दाखवा.